तळाची ओळ

पाथर्डी
२० जून १९९९

महेंद्र,
जयभीम. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक असतं तर तुझ्या त्या इंटरनेटच्या पानाला मजकूर कुठून मिळाला असता?

आधी तुझं काम. गेल्या रविवारी शिंगणापूरला जाऊन आले. आपलं बौद्धांचं तिथं काही काम नाही, पण तुझे अमेरिकेतले वाचक सुट्टीत तिकडेच पळतात म्हणतोस, म्हणून गेले. तुझे दाजी एसटीत कंडक्टर असल्याचा एवढाच उपयोग, खिडकीची जागा मिळते. एका लॉजमध्ये खोली बघायला मागितली. चादर उचलली आणि तशीच परत ठेवली. खाली काय होतं ते लिहीत नाही, तू जेवता जेवता पत्र वाचतोस. बायकांच्या संडासाला कडी नाही. गावात घरांना दारं नसतात हे जगाला ठाऊक आहे, लॉजवाल्याने तीच परंपरा संडासाला लावली आहे. लिही तुझ्या पानावर, की मुक्काम नगरला करा आणि दिवसा जाऊन या.

दुसरं, रस्त्यावरच्या लटकूंबद्दल लिही. बाहेरची गाडी दिसली की ही माणसं मोटरसायकलवरून पाठीमागे लागतात, गाडीला लटकतात, म्हणून लटकू. 'पार्किंग इकडं, ताट इकडं, तेल इकडं' करत नेमक्या एकाच दुकानात नेऊन सोडतात, कारण तिथं त्यांचं कमिशन असतं. माणूस देवाला आलाय, घाबरलेला आहे, याचाच फायदा. मला त्यांची शिसारी येते. एकाने मलाच धरलं, 'मावशी, साडेसाती हाय का?' मी म्हटलं, आत्ता सुरू झाली.

तू 'आपली मंडळी' नावाचं पान काढलंस, त्यात नगर जिल्ह्यातल्या लोकांच्या सगळ्या पानांची नावं टाकलीस, हे वाचून दाजी खूश झाले. म्हणाले, ही तर लग्नाची पत्रिका झाली. निमंत्रक, व्यवस्थापक, प्रमुख उपस्थिती, आणि ज्याचं नाव राहिलं तो रुसला. ते लग्नात माइकवर नावं वाचतात, त्यांना यातला त्रास माहीत आहे.

आता खरं काम. भामाबाईंच्या वसतिगृहाचं पान तू केलंस, त्याचा उपयोग होईलसं दिसतंय. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं मागे राहून शाळा शिकावीत म्हणून ती बाई दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड चालवते. स्वतः जन्मभर कोयता चालवलाय तिने. गेल्या साली आडत्यांनी धान्य दिलं, यंदा त्यांनी हात वर केले. अशात इंग्लंडातल्या लेस्टरहून डॉक्टर शबनम शेख यांचं पत्र आलं. मूळच्या नगरच्या, झेंडीगेटच्या. तुझं पान वाचून त्यांना कळलं. त्यांचा तिकडे मैत्रिणींचा गट आहे, तो सप्टेंबरात बसणार आणि सगळ्या हंगामाच्या स्वयंपाकघराचा भार उचलायचा का ते ठरवणार. ठरलं तर दिवाळीनंतर वसतिगृह उघडेल, नाही ठरलं तर पोरं ट्रकमध्ये.

माझ्या सातवीच्या वर्गातली पुष्पावती तुला आठवत नसेल. स्कॉलरशिपला बसवतेय तिला. परीक्षा फेब्रुवारीत, तेव्हा तिचे आईबाप कुठल्या तरी फडात असणार. तिचं सगळं भामाबाईंच्या शेडवर आहे. तेवढं पान नीट ठेव.

तुझी ताई,
जयमाला


एडिसन, न्यू जर्सी
९ जुलै १९९९

ताई,
जयभीम. तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि चादरीपाशी इतका हसलो की शेजारचा गुंटूरचा मुलगा बघायला आला. त्याला इंग्रजीत सांगितलं, त्याला हसू आलं नाही, कारण डिसेंबरात तो तिथंच जाणार आहे. चादर, संडास, लटकू, सगळं पानावर चढवलं. तळाशी नेहमीची ओळ: 'ही माहिती जयमालाताईंनी स्वतः जाऊन, पाहून दिली आहे.' आता ती ओळ माझ्या प्रत्येक पानाखाली आपोआप येते. लोकांचा तिच्यावर फार जीव आहे. ऑस्टिनच्या एका बाईंनी लिहिलं, जयमालाताई म्हणतात तर आम्ही नगरलाच उतरू.

तू मागे विचारलं होतंस, एवढ्या जगाच्या पसाऱ्यात आपलं पान लोकांना सापडतं कसं. त्यासाठी सर्च इंजिन असतं. आपण एक शब्द टाकायचा, ते शोधून पानांची नावं एकाखाली एक दाखवतं. लोक वरची दोन-तीनच बघतात, त्यामुळे वर असण्याला महत्त्व. आता एक नवी कंपनी निघाली आहे, तिचा हिशेब सोपा आहे: ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते चांगलं. या बोट दाखवण्याला लिंक म्हणतात. मी माझ्या पानावर तुझ्या पानाची लिंक दिली म्हणजे मी तुझ्याबद्दल चांगला शब्द टाकला, असं ती धरते. आपल्याकडे पुष्कळ लोक बोट दाखवतात, म्हणून 'पाथर्डी' टाकलं की पहिलं आपलं पान येतं आणि दुसरं भामाबाईंचं. तालुक्याच्या सरकारी पानाच्याही वर.

'आपली मंडळी' वाढत चालली आहे. खर्ड्याच्या किल्ल्यावर सुंदर पान करणारा गोरक्षनाथ आहे, तो पुण्यात असतो, त्यालाही घेतलं. हल्ली अनोळखी लोकसुद्धा आमचं नाव टाका म्हणून मागे लागतात. दाजींना सांग, इथं कुणी रुसत नाही, सगळ्यांना जागा आहे.

वसतिगृहाची काळजी करू नकोस. शबनम मॅडमचा गट बसेल तेव्हा त्यांना पहिल्या झटक्यात पान सापडेल, ती जबाबदारी माझी.

तुझा,
महेंद्र


पाथर्डी
८ ऑगस्ट १९९९

महेंद्र,
काल शाळेतून आले तर दारात पाहुणे. मूळचं संगमनेरकडचं जोडपं, आता कॅनडात. बाईने मला बघताच वाकून नमस्कार केला. 'जयमालाताई तुम्हीच ना?' मी म्हटलं, नमस्कार कशाला, बसा, चहा घ्या. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे. तो खाली मान घालून बसला होता. बाईने पर्समधून डबी काढली, डबीत अंगठी. घोड्याच्या नालेची, साडेसातीवरची. म्हणाली, 'तुम्ही स्वतः पाहून दिलीय म्हणून मागवली. कुठल्या बोटात घालायची तेवढं सांगा.'

मला काही कळेना. मग तिने तुझ्या पानाची छापील प्रत पुढे केली.

मी वाचलं. तुझ्या पानाच्या शेवटी तीन नव्या ओळी. पहिली अंगठीची. दुसरी पत्त्यांच्या जुगाराची, घरबसल्या कॉम्प्युटरवर खेळायच्या. तिसरी दोन आठवड्यांत चरबी उतरवणाऱ्या पावडरीची. आणि त्यांच्या बरोबर खाली, माझं नाव. स्वतः जाऊन, पाहून दिली आहे.

कुठं गेले होते मी? जुगार बघायला?

दुसरा कागद वसतिगृहाच्या पानाचा होता. भामाबाई शेडसमोर पोरांना घेऊन उभ्या आहेत तो फोटो, आणि त्याच्यावर तेच बदामाचे पत्ते. भामाबाई संध्याकाळी आल्या तेव्हा मी तो लपवायला पाहिजे होता, पण तो टेबलावर तसाच राहिला. त्यांनी पाहिला. त्यांना वाचता येत नाही, चित्र दिसतं. म्हणाल्या, 'आगं जयमाला, पोरांच्या डोक्यावर डाव मांडलाय व्हय गं? आमच्या टोळीत असला डाव मांडला तर बाया मुकादमाला झोडतील. ह्यो तर घरचा माणूस म्हनत हुती तू.'

त्या कॅनडाच्या बाईंना मी खरं सांगितलं, की मी ही अंगठी पाहिलेली नाही आणि आम्ही साडेसाती मानत नाही. बाईचा चेहरा उतरला. नवरा पहिल्यांदा वर बघून म्हणाला, 'मग तुमचं नाव का?' ते चहा न पिता गेले.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा आपल्या आबांनी देव्हाऱ्यातले टाक पोत्यात भरून गोदावरीत सोडले. गावाने वाळीत टाकलं तरी परत आणले नाहीत. त्यांचा नातू न्यू जर्सीत बसून घोड्याच्या नाला विकतो, आणि त्यांच्या नातीच्या नावावर. कागद ठेवला आणि साबणाने हात धुतले. तरी वास गेला नाही असं वाटत होतं.

जूनमध्ये तुला लटकूंबद्दल लिहिलं होतं. तू ते पानावर चढवलंस, हसलास. अरे, त्या पोरांना निदान उन्हात गाडीमागे पळावं लागतं.

एकच विचारते. यासाठी पैसे घेतलेस का? एका ओळीत उत्तर दे.

जयमाला


एडिसन
२७ ऑगस्ट १९९९

ताई,
जयभीम. एका ओळीत: हो, थोडे घेतले. आता बाकीच्या ओळी वाच, रागावून फाडू नकोस.

पान चालवायला जागा भाड्याने घ्यावी लागते. वसतिगृहाचे फोटो जड असतात, त्याची जागा जास्त. हे सगळं मी एकटा करतो, दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरच्या तारखांच्या त्या दोन हजार सालाच्या घोटाळ्याचं काम करून झाल्यावर. काही लोक म्हणाले आमचं नाव टाका, जागेचे पैसे देतो. मी म्हटलं टाकतो. त्यांना गिऱ्हाइकापेक्षा बोट हवं असतं. माझ्यासारख्या चांगल्या पानाने बोट दाखवलं की ते सर्च इंजिनमध्ये वर जातात. इथं सगळेच करतात. जळगावचा एक आहे, सोलापूरचा एक आहे, दोघे माझ्यासारखेच आपापल्या गावाची पानं लिहितात, दोघेही लिंका विकतात. आम्ही एकमेकांनाही बोट दाखवतो.

तूच पत्रिकेचं लिहिलं होतंस. मग पत्रिकेसारखंच बघ की. आपल्या पत्रिकेत आमदार असतो, कारखान्याचा संचालक असतो, ज्याने नवरीला जन्मात बघितलं नाही तो 'आपला नम्र' असतो. कुणी म्हणतं का की लग्नघरवाल्याने या सगळ्यांची हमी घेतली? नावं म्हणजे नावं. वाचणारा शहाणा असतो. कॅनडाच्या बाई जरा जास्तच भाबड्या निघाल्या, त्याला मी काय करू?

तुझी ओळ त्यांच्याखाली आली ती चूक. ती आपोआप पडते, तुला लिहिलंच होतं. पण त्या तिघांचं नाव दिवाळीपर्यंत पानावर ठेवतो असा शब्द दिलाय, लगेच काढलं तर बरं दिसणार नाही. दिवाळीनंतर काढतो.

भामाबाईंना म्हणावं, पत्ते दिसतात पण त्याच पत्त्यांवर त्यांचं पान उभं आहे.

महेंद्र


एडिसन
१८ सप्टेंबर १९९९

ताई,
तुझं उत्तर यायच्या आत लिहितोय. पान गेलं.

म्हणजे पान आहे, पत्ता टाकला की उघडतं. पण त्या सर्च इंजिनमध्ये 'पाथर्डी' टाकलं की काही येत नाही. 'शिंगणापूर' टाकलं, नाही. माझं स्वतःचं नाव टाकलं, तरी नाही. पहिल्या नंबरवरून दुसऱ्या-तिसऱ्यावर नव्हे, शंभर नावं खाली जाऊन बघितलं, कुठंच नाही. आधी वाटलं त्यांचं यंत्र बिघडलं. मग वाटलं जळगावच्याने चुगली केली. तर त्याचंही गेलं, सोलापूरवाल्याचंही गेलं. एकाच रात्रीत आम्ही तिघे जणू कधी नव्हतोच. काल एका ओळखीच्याने सांगितलं की विकलेल्या लिंका त्यांना ओळखता येऊ लागल्या आहेत आणि असं करणाऱ्यांना ते यादीतूनच उडवतात. दंडाची नोटीस नाही, ताकीद नाही, ज्याला फोन करावा असा माणूस नाही.

वाईट म्हणजे एक-एक पान बघत नाहीत, पत्ता बघतात. भामाबाईंचं पान माझ्याच पत्त्यावर आहे. तेही गेलं.

खर्ड्याच्या गोरक्षनाथने लिहिलंय, 'माझं नाव तुझ्या मंडळीतून आजच्या आज काढ, तुझ्याबरोबर माझा किल्लाही बुडेल.' मी त्याला किती मदत केली होती.

एक विनंती. शबनम मॅडमचा गट कधी बसणार आहे ते मला कळव आणि तोपर्यंत त्यांना यातलं काही सांगू नकोस. मी आठ-दहा दिवसांत मार्ग काढतो.

महेंद्र


पाथर्डी
५ ऑक्टोबर १९९९

महेंद्र,
तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्याचं उत्तर आधी: त्यांचा गट बसून गेला.

शबनमबाईंनी शाळेत फोन केला. हेडमास्तरांच्या खोलीत उभी राहून बोलले, बाहेर पोरांचा गोंधळ, त्यांना दोनदा सांगावं लागलं. गटात त्या धरून नऊ बायका. एकीच्या मुलाने कॉम्प्युटर लावला, सगळ्या चहा घेऊन समोर बसल्या. त्याने पाथर्डी टाकलं, वसतिगृह टाकलं, भामाबाईंचं नाव टाकलं. काही नाही. एकजण म्हणाली, अशी संस्थाच नसेल. मग शबनमबाईंनी जुन्या चिठ्ठीवरून पूर्ण पत्ता टाकला. उघडलं. पोरांच्या फोटोवर पत्ते. त्या मुलाने सांगितलं की या माणसाला सर्च इंजिनने काढून टाकलंय, असे लोक फसवे असतात.

शबनमबाई म्हणाल्या, 'जयमालाबाई, मी नगरची आहे, मला तुमचं पटतं. पण बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू? त्यांनी तुमचं नाव त्या जुगाराखाली वाचलंय.' त्यांचा आवाज चांगला होता. मला मात्र फोन ठेवल्यावर पाणी प्यावंसं वाटलं नाही, इतकं तोंड कडू झालं होतं. तू म्हणाला होतास, पान सापडेल ही जबाबदारी माझी.

आता तुझ्या पत्रिकेचं. ते वाचून दाजीसुद्धा चिडले, आणि ते सहसा चिडत नाहीत. म्हणाले, 'आम्ही माइकवर आमदाराचं नाव घेतो, तेव्हा त्याला मान देतो. जेवायला बसलेल्या माणसाला सांगत नाही, ह्याच्याकडं जा अन् अंगठी घे.' पत्रिकेतली नावं खोटी असतील, पण ते मानपानाचं खोटं आहे, सगळ्या गावाला माहीत असलेलं. तिथं कुणाचं नाव विकत घातलं असं कळलं तर लोक पंगतीतून उठतील. तू तर मला विचारलंही नाहीस. आणि कॅनडाची बाई भाबडी नव्हती. तिने माझ्या नावावर विश्वास ठेवला. भाबडी मी, मी ते नाव तुझ्याकडे दिलं.

त्या सर्च इंजिनवाल्यांचा तुला राग आलाय. मला नाही आला. कुणी का असेनात, त्यांना किळस आली हे मला समजलं. एवढंच की त्यांनी कुजकी फांदी तोडताना तिच्यावरचं घरटं पाहिलं नाही.

पुष्पावतीची आई परवा भेटली. मुकादमाकडून उचल घेऊन झाली आहे, दिवाळी झाली की ट्रक लागणार. मला विचारलं, 'बाई, वसतिगृह उघडंल न्हवं? तसं असंल तर पोरीला ठिवते.' मी म्हणाले, उघडेल. तुझ्या भरवशावर नव्हे, शबनमबाई अजून प्रयत्न करतायत त्या भरवशावर. त्या म्हणतात, ती घाण गेली आणि पान पुन्हा नीट सापडायला लागलं तर दिवाळीच्या आत परत विषय काढते.

तेव्हा साफ कर. दिवाळीनंतर नको, आज कर.

जयमाला


एडिसन
२३ ऑक्टोबर १९९९

ताई,
जयभीम. सगळं काढलं. अंगठी, पत्ते, पावडर, शिवाय तुला माहीत नसलेली आणखी पाच. 'आपली मंडळी' पूर्ण पुसलं. कंपनीला पत्र लिहिलं, माफी मागितली, वसतिगृहाचा फोटो जोडला. उत्तर आलं, दोन ओळींचं, कुणाच्या सहीशिवाय: साफ केल्याची नोंद घेतली, पुन्हा तपासायला काही महिने लागू शकतात. काही महिने. मी परत लिहिलं की पोरांचा प्रश्न आहे. त्याला उत्तर नाही.

तू एक विचारलं नाहीस, पण आता लपवण्यात अर्थ नाही. तुझी ओळ त्यांच्याखाली आपोआप आली नव्हती. म्हणजे ओळ आपोआप पडते हे खरं, पण जाहिरात कुठं बसवायची ते मीच ठरवत होतो. अंगठीवाल्याने पान आधी नीट वाचलं होतं. म्हणाला, मला वर नको, मला त्या बाईच्या ओळीला चिकटून जागा दे, तिचा भाव दुप्पट देतो. मी दिली. पुढच्यांनी पण तीच मागितली. मला तेव्हा यात काही वाईट वाटलं नाही, उलट वाटलं, ताईला किती मान आहे.

यातून एक मार्ग निघतो. माझा पत्ता बदनाम झाला, पण नवा पत्ता घेता येतो. भामाबाईंच्या नावाने घेतो. त्यांचं नाव कोरं आहे, कंपनीला माहीत नाही. तू आतापर्यंत लिहिलेलं सगळं तिकडे हलवतो, तळाशी तुझ्या जागी त्यांची ओळ टाकतो. जळगाव आणि सोलापूरवालेही नव्या नावांनी उभे राहतायत, ते गुपचूप बोट दाखवायला तयार आहेत. एका महिन्यात आपण वर. भामाबाईंना कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांना फक्त हो म्हणायला सांग.

जाता जाता आनंदाची बातमी, म्हणजे तुला काकांकडून कळली असेलच. शुभांगीच्या घरून होकार आला. फेब्रुवारीत नगरला लग्न. पत्रिकेचा मजकूर काकांनी केलाय, तो सोबत पाठवतो. निमंत्रकांत पहिलं नाव तुझंच टाकायला सांगितलं. मला तू वाढवलंस, दुसऱ्या कुणाचं टाकणार? शुभांगीच्या वडिलांनीही मुद्दाम विचारलं, पाथर्डीच्या जयमालाबाई तुमच्याच ना, मग आम्हाला चौकशी करायची गरज नाही.

महेंद्र


पाथर्डी
२१ नोव्हेंबर १९९९

महेंद्र,
दिवाळी उरकली आणि ट्रक लागले. वसतिगृह उघडलं नाही. शबनमबाईंनी परत विषय काढला होता, पण पान अजून सापडत नाही म्हटल्यावर बाकीच्या तयार झाल्या नाहीत. त्यांनी स्वतःचे म्हणून काही पाठवले, त्यात भामाबाईंनी अगदी लहान पाच पोरं ठेवून घेतली. मोठ्यांना जागा नाही, आणि मोठी पोरं फडात उपयोगी पडतात.

पुष्पावतीची आई शेवटच्या ट्रकपर्यंत थांबली. आदल्या दोन ट्रकमधून त्यांच्या वाडीचे सगळे गेले, मुकादम शिव्या देत होता, ती म्हणत राहिली, बाई उघडंल म्हनल्यात. माझ्या शब्दावर थांबली. मी स्टँडच्या मागे गेले तेव्हा चिपाडाच्या पेंढ्या, भांडी, कोंबड्या सगळं चढलं होतं. पुष्पावती वर बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. मला म्हणाली, 'बाई, परीक्षेला येता येईल का मला?' पुस्तकातली मराठी बोलते ती माझ्याशी. मी म्हणाले, बघू. वर्गात कुणी असलं उत्तर दिलं तर मी त्याला उभं करते. तिच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं नाही.

भामाबाईंना तुझा मार्ग सांगितला, कारण नाव त्यांचं आहे, नाही म्हणायचा हक्कही त्यांचा. नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, 'मंजी त्येनं तुझं नाव वापरून घान क्येलं, आता माझं कोरं हाय म्हून माझं मागतोय. त्येला सांग, माझ्याकडं तेवढं येकच हाय.' मग उठता उठता म्हणाल्या, 'पोरगं लई शिकलं गं.' त्या कौतुकाने म्हणाल्या की कशाने, ते मी विचारलं नाही.

तू पैसे घेतलेस हे मी पचवलं असतं. घरच्या माणसाच्या हातून होतं असं. पण त्या अंगठीवाल्याने पान नीट वाचलं, नेमकी माझी ओळ हेरली, आणि तू ती दुप्पट भावाने विकलीस, आणि वर म्हणतोस ताईला किती मान आहे, तिथं मी पत्र खाली ठेवलं. ही माझी पाय दुखेपर्यंतची वणवण होती रे. उन्हातान्हात मी लॉजच्या चादरी उचलून बघत होते, परक्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून, आणि तू तीच फसवायच्या कामाला लावलीस.

तुझ्या पानाला यापुढे माझ्याकडून मजकूर येणार नाही. जुना आहे तोही काढ, चांगला असला तरी काढ.

पत्रिकेचा मजकूर वाचला. छान आहे. शुभांगीचं नाव छान दिसतंय. आम्ही दोघे लग्नाला येऊ, आदल्या दिवशी येऊ, मी पोळ्यांना बसेन, दाजी माइक धरतील. आहेर करीन. कुणाला काही कळू देणार नाही. पण निमंत्रकांतलं माझं नाव काढ. त्या मुलीच्या वडिलांनी ते वाचून चौकशी थांबवली असं तू लिहितोस, तेव्हा तर काढच. त्यांना म्हणावं, चौकशी करा. दाजी म्हणाले, पहिल्याच ओळीतलं नाव काढलं तर लोक विचारतील. विचारू देत.

कागदावर तेवढी जागा रिकामी राहील. पहिल्या ओळीतली आहे, भाव चांगला येईल.

जयमाला